वायरिंगचं काम देताय? खान्देशातल्या घरमालकांनो, या चुका टाळा

स्लॅब पडायला आठ दिवस उरले की घरमालक इलेक्ट्रिशियन शोधायला निघतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "पॉइंटचा भाव काय?" जळगाव, धुळे, शहादा, चाळीसगाव, कुठेही हेच. भाव जरूर विचारा, पण नंतर. आधी हे विचारा: टेस्ट रिपोर्टवर (वायरिंग तपासल्याच्या कागदावर) सही कुणाची असणार, आणि तो माणूस माझ्या घरी येऊन तपासणी करणार का? या एका प्रश्नाने निम्मे चुकीचे ठेकेदार गळतात.

सही एकाची, काम दुसऱ्याचं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं अशी किरकोळ कामं कुणीही करू शकतो. पण नवी वायरिंग, वाढीव वायरिंग किंवा जुन्या वायरिंगमधला बदल परवानाधारक ठेकेदारानेच करायचा असतो. देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची लागते आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे तारतंत्रीचं (वायरमनचं) परमिट लागतं. ही तीन वेगळी कागदपत्रं आहेत. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण झालं, परवाना नव्हे. बरेच जण तेच लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दाखवतात आणि घरमालक समाधानी होतो.

पुढे मीटर घ्यायची वेळ आली की महावितरणला टेस्ट रिपोर्ट हवा असतो. तेव्हा ऐकू येतं, "भाऊ, रिपोर्टचं टेन्शन घेऊ नका, मी आणून देतो." म्हणजे ज्याने तुमचं घर कधी पाहिलंच नाही, अशा परवानाधारकाची सही चार पैसे देऊन आणली जाते. मीटर बसतं, दिवे लागतात आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण त्या कागदावर लिहिलेली तपासणी झालेलीच नसते.

खरी तपासणी कशी होते ते माहीत असू द्या. 500 व्होल्टच्या मेगर या यंत्राने वायरचं इन्सुलेशन, म्हणजे आवरणातून करंट गळत नाही ना, हे मोजतात. ते किमान 1 मेगाओहम यायला हवं. अर्थिंगचा रोध मोजतात. प्रत्येक स्विच फेजवरच (करंट आणणाऱ्या तारेवर) आहे, न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) नाही, हे बघतात. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, तेही पाहतात. मध्यम घराला एक-दोन तास पुरतात. हे आकडे तुमच्यासमोर मोजून तुमच्यासमोर लिहायला लावा. ठेकेदार "त्याची काही गरज नाही" म्हणाला, तर त्याला काम देऊ नका.

परवाना तपासताना नंबर, नाव आणि मुदत या तिन्ही गोष्टी पाहा. मुदत संपलेला परवाना दाखवण्याचे प्रकार सर्रास चालतात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. शंका आली तर विद्युत निरीक्षक कार्यालयात नंबर विचारा. बिलावर, करारावर आणि टेस्ट रिपोर्टवर एकच नाव असलं पाहिजे. घरात विजेचा अपघात झाला तर चौकशी विद्युत निरीक्षकच करतात, आणि तेव्हा काम कुणी केलं याचं उत्तर कागदावरच शोधलं जातं.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे झिरो वायरमन. लाइनमनच्या हाताखाली वावरणारा, महावितरणच्या पटावर नसलेला हा मुलगा गावात हाकेला लगेच येतो. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज गेला की शेतकरी त्याला तरी बोलावतो नाहीतर स्वतःच चढतो. पाण्याच्या पाळीची घाई आम्हालाही कळते. तरी डीपीवर, खांबावर आणि खांबापासून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरला हात लावण्याचा अधिकार फक्त महावितरणच्या माणसाला आहे. एका बाजूने बंद केलेली लाइन दुसऱ्या बाजूने, कुणाच्या तरी जनरेटरमधून उलटी चालू होते आणि त्यात जीव गेलेले आहेत. त्या मुलाच्या घरच्यांना मग मदत मिळणंही अवघड होतं, कारण तो कुठल्याच नोंदीत नसतो.

भाव ठरवताना

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात बंद (भिंतीच्या आतल्या) वायरिंगची नुसती मजुरी साधारण 150 ते 350 रुपये पॉइंट अशी धरून चाला. शहरात आणि फॉल्स सीलिंगच्या कामात जास्त. 250 रुपयांनी 45 पॉइंट धरले तर मजुरी 11,250 रुपये होते. पण "पॉइंट" कशाला म्हणायचं हे आधी लिहून घेतलं नाही तर हाच आकडा दीडपट होतो. 16 अँपिअरचं सॉकेट एक पॉइंट की दोन? इन्व्हर्टरची लाइन, बेल, टीव्हीची केबल, डीबी (स्विचांची मुख्य पेटी) भरणं वेगळं का? भिंतीला झिऱ्या मारणं (पाइपसाठी चर पाडणं) इलेक्ट्रिशियनकडे की गवंड्याकडे? भांडणं याच गोष्टींवरून होतात.

माल शक्यतो स्वतः घ्या, यादी मात्र ठेकेदाराकडून लिहून घ्या. तांब्याचा भाव हलतो तसा वायरचा भाव हलतो. महिन्यापूर्वीचं कोटेशन धरून बसू नका. दिवे-पंख्यांना 1.5, पॉवर सॉकेटला 2.5 आणि एसी-गिझरला 4 चौरस मिलिमीटर ही नेहमीची मापं. बंडल 90 मीटरचं असतं. त्यावर आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक असायलाच हवा. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. फारच स्वस्त वायर मिळाली तर टोक सोलून घासून बघा: वर तांबं आणि आत पांढरट धातू दिसला तर ते तांबं चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

आरसीसीबी आणि अर्थिंगवर कात्री लावू नका. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. चांगल्या कंपनीचा दीड-दोन हजारांपासून पुढे मिळतो. अर्थिंगला खड्ड्यासकट काही हजार लागतात.

पैसे टप्प्याने द्या: पाइप टाकल्यावर, वायर ओढल्यावर, फिटिंग झाल्यावर. शेवटचे दहा-पंधरा टक्के टेस्ट रिपोर्ट हातात आल्यावरच. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना किंवा फरशी बदलताना हे फोटो फार उपयोगी पडतात. बांधकामासाठी शेजाऱ्याच्या किंवा जुन्या घराच्या मीटरवरून वीज घेऊ नका. तो अनधिकृत वापर ठरतो. तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्या.

उन्हाळ्यात दिसणारे दोष

भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा वायरिंगची खरी परीक्षा होते.

माळ्यावरून काढलेला पत्र्याचा कूलर लावला की आरसीसीबी पडतो. इथे बरेच जण इलेक्ट्रिशियनला बोलावून आरसीसीबीच बायपास करून घेतात. हे कधीही करू नका. तो पडतोय म्हणजे कूलरच्या पत्र्यात करंट उतरतोय. पंप ओला झालाय का, वायर पत्र्याला घासतेय का, थ्री-पिनची तिसरी पिन तोडलीय का ते आधी बघा. कूलर काढूनही आरसीसीबी पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असू शकतात. हे काम परवानाधारकाचं.

एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं हीसुद्धा तशीच घातक चूक. 1.5 ची वायर 32 अँपिअरच्या एमसीबीवर ठेवली तर एमसीबी पडणार नाही, वायर जळेल. एसी नवा घेतला असेल तर त्याला वेगळी लाइन ओढा आणि मंजूर भार वाढवून घ्या.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंग कमजोर होतं. मार्च ते जून आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका.

दिवे एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत भगभगीत होत असतील तर थांबू नका. तीन फेजच्या घरात हे न्यूट्रल सुटल्याचं लक्षण असतं आणि टीव्ही, फ्रिज काही मिनिटांत जळू शकतात. मेन बंद करा, शेजाऱ्याकडेही तसंच आहे का विचारा. असेल तर दोष बाहेरचा, महावितरणकडे 1912 वर तक्रार नोंदवा. तुमच्याच घरात असेल तर ज्याने टेस्ट रिपोर्टवर सही केली त्याला बोलवा.