दुर्बिणीच्या चित्रातली 'तबकडी': या चुका टाळा

सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो या अवकाशयानाने टिपलेल्या चित्रात सूर्याजवळ एक ठळक ठिपका दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ. हुबेहूब उडती तबकडी! कुणाला त्यात कडी असलेला शनीही दिसतो. ठिपका खराच असतो, बहुतेक वेळा शुक्र किंवा गुरू. रेघ मात्र कॅमेऱ्याने काढलेली. सीसीडीच्या (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या) पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे साठलेला विद्युतभार मावेनासा झाला की तो त्याच ओळीतल्या शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो, म्हणून ही रेघ नेहमी चौकटीच्या कडेला समांतर असते. शनीची कडी तर इथे दिसणारच नाहीत. सोहोच्या सी-३ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे ५६ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आणि कड्यांसकट अख्खा शनी त्याहून लहान.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच चित्रावरून निकाल देणे. सुरुवातीला मीही प्रत्येक पांढऱ्या रेघेला धूमकेतू समजायचो. वैश्विक किरणाचा कण सेन्सरवर आदळला की ठिपका किंवा बारीक रेघ उमटते आणि पुढच्या चित्रात तिचा मागमूस नसतो. धूमकेतू चार-पाच चित्रांत ओळीने, एकाच चालीने पुढे सरकतो. तारेही सरकतात, पण सगळे मिळून आणि दिवसाला साधारण एक अंश, कारण सोहो पृथ्वीबरोबर सूर्याभोवती फिरते. जे सगळ्या चित्रांत एकाच जागी ठाण मांडून बसले आहे ते आकाशातले नाही, कॅमेऱ्यातले आहे. १४ जुलै २००० च्या सौरज्वालेनंतर तर प्रोटॉनांच्या माऱ्याने सोहोच्या चित्रांत जणू पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडत होता.

काळे किंवा विस्कटलेले चौकोन दिसले की 'काहीतरी लपवलंय' अशी कुजबुज सुरू होते. पृथ्वीवर पाठवताना माहितीचा एखादा तुकडा हरवला की तेवढा चौकोन रिकामा राहतो, एवढेच. हबल या अवकाश दुर्बिणीच्या जुन्या चित्रांचा पायरीसारखा कापलेला कोपराही असाच निरुपद्रवी: तिथल्या चार सेन्सरपैकी एक आकाशाचा लहान भाग जास्त बारकाईने टिपायचा, त्यामुळे जोडचित्रात त्याची जागा कमी भरायची.

ताऱ्याभोवतीचे प्रकाशाचे काटेही ताऱ्याचे नसतात. हबलमध्ये ते चार. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीमध्ये सहा मोठे आणि दोन लहान, कारण तिथला आरसा षटकोनी तुकड्यांचा आणि पुढच्या आरशाला तीन दांड्यांचा आधार. चित्रातल्या सगळ्या ठळक ताऱ्यांचे काटे एकाच दिशांना असतील तर ते दुर्बिणीचेच. उलट एखाद्या दीर्घिकेच्या मधोमध असे काटे दिसले, तर तिचा गाभा ताऱ्यासारखा बिंदुवत आणि तेजस्वी आहे, ही उपयोगाची खूण.

आणि कृपा करून स्क्रीनशॉट मोठा करून, ब्राइटनेस वाढवून 'इमारती' शोधू नका. जेपीईजी चित्र ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबले जाते. वाढवल्यावर दिसतात ते हेच चौकोन. पाहायचेच असेल तर मूळ फिट्स फाइल (दुर्बिणीची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) उघडा.

याच्या उलटी चूकही होते: रेघ दिसली की 'दोष' म्हणून सोडून देणे. हबलच्या चित्रातली सरळ, कडेपासून कडेपर्यंत गेलेली रेघ बहुधा कृत्रिम उपग्रहाची. पण ती छोटी आणि किंचित वाकलेली असेल तर थांबा. हबल सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते, तेवढ्यात तिची स्वतःची जागा बदलते आणि जवळच्या लघुग्रहाची वाट वाकडी उमटते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या शोधात हबलच्या साठवणीतल्या जुन्या चित्रांतून अशा १,७०१ लघुग्रह-रेघा सापडल्या.