क्लोरीन तपासणीचे फॉस्फेट बफर: वजन करण्याआधी बाटलीवरचे लेबल वाचा

पाण्यातील मुक्त क्लोरीन डीपीडी पद्धतीने (डीपीडी हे क्लोरीनमुळे गुलाबी होणारे रसायन) मोजताना सगळ्यांचे लक्ष गुलाबी रंगाकडे असते आणि तो रंग ज्याच्या भरवशावर येतो त्या बफरकडे, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाकडे, कोणी पाहत नाही. नमुना भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या जलवाहिनीचा असो वा दादरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरील टाकीचा, ही चाचणी पीएच ६.२ ते ६.५ एवढ्या अरुंद पट्ट्यातच विश्वासार्ह असते. पीएच त्याखाली गेला की मोनोक्लोरामाइन (अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीन) मुक्त क्लोरीनमध्ये मिसळून मोजला जाऊ लागतो आणि वर गेला की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच रंग देऊ लागतो. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा लागतो; इतक्या लहान आकड्याजवळ थोडासा खोटा रंगही नापास पाण्याला पास करू शकतो.

एक लिटर बफरसाठी २४ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, ४६ ग्रॅम निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ०.८ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए लागते. ईडीटीए वगळले तरी चालते, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये. पाण्यातील तांब्यासारख्या धातूंचे अंश ऑक्सिजनच्या चुकीला हातभार लावतात आणि ते रोखण्याचे काम ईडीटीए करते.

खरी अडचण येते ती वजनात. वरील कृतीतील ‘निर्जल’ हा शब्द बहुतेक जण वाचूनही सोडून देतात. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट दुकानात निर्जल, डायहायड्रेट (स्फटिकात पाण्याचे दोन रेणू) आणि डोडेकाहायड्रेट (बारा रेणू) अशा निरनिराळ्या रूपांत मिळते आणि मागणी नोंदवताना रूप सांगितले नाही, तर दुकानदार हाताशी असलेली बाटली देतो. २४ ग्रॅम निर्जल क्षाराऐवजी डायहायड्रेट असेल तर ३०.१ ग्रॅम आणि डोडेकाहायड्रेट असेल तर ६०.५ ग्रॅम घ्यावे लागते. डोडेकाहायड्रेटचे २४ ग्रॅमच घेतले, तर पीएच साधारण ०.४ने घसरतो आणि द्रावण पट्ट्याबाहेर जाते. त्यातही डोडेकाहायड्रेट उघड्या हवेत स्फटिकजल गमावत राहते, त्यामुळे जुन्या बाटलीतील ६०.५ ग्रॅममध्ये नेमका किती क्षार आहे हे कोणीच सांगू शकत नाही. माझ्या मते ते या कामासाठी विकतच घेऊ नये.

निर्जल क्षाराचे दुखणे उलटे आहे. मुंबईच्या पावसाळ्यात उघडलेली बाटली ओल धरते आणि भुकटीचे खडे होतात. असा क्षार ११० अंश सेल्सिअसला दोन तास ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावा आणि मगच तोलावा. पोटॅशियम आयोडाइडसाठी वापरलेला चमचा फॉस्फेटच्या बाटलीत कधीही घालू नये, कारण आयोडाइडचा अंशही मोनोक्लोरामाइनला मुक्त क्लोरीनच्या मोजणीत ओढून आणतो.

ईडीटीए १०० मिलिलिटर पाण्यात वेगळे विरघळवावे. फॉस्फेट मात्र ढवळत्या पाण्यात थोडे थोडे सोडावे. कोरड्या निर्जल क्षारावर पाणी ओतल्यास त्याचा तळाशी दगड होतो. दोन्ही द्रावणे एकत्र करून खोलीच्या तापमानाला आल्यावर एक लिटरपर्यंत भरावीत.

यानंतर पीएच ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांनी मीटर जुळवून पीएच पाहावा. पीएच कागद येथे निरुपयोगी आहे. आकडा पट्ट्याबाहेर आला, तर सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून तो सरळ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही. चुकलेला पीएच वजन किंवा मीटर चुकल्याची खूण असते. ती पुसून टाकली की कारण कायमचे लपते. डोडेकाहायड्रेटच्या वरील चुकीत अल्कलीने पीएच जुळवला, तरी एकूण फॉस्फेट सुमारे पाचव्या भागाने कमीच राहते आणि अधिक क्षारीयतेच्या पाण्यासमोर असे बफर लवकर हार मानते. ते द्रावण टाकून द्यावे आणि लेबल वाचून पुन्हा तोलावे.

बफरसाठीचे पाणी क्लोरीन न खाणारे हवे, बॅटरीच्या दुकानातील नव्हे. चांगल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोरीन घालून दोन दिवस ठेवावे. त्यानंतर २ मिलिग्रॅमही उरला नाही, तर ते पाणी बाद समजावे. उरलेला क्लोरीन उन्हात ठेवून घालवावा; जुलैत ऊन नसते, तेव्हा अतिनील दिवा वापरावा.

बुरशी टाळण्यासाठी काही जण मर्क्युरिक क्लोराइड घालतात. त्याचे विष सांडपाण्यात सोडण्यापेक्षा थोडे थोडे बफर बनवून तरंगता धागा दिसताच ते बदलणे मी पसंत करते.

चाचणीच्या वेळी नळीत आधी ०.५ मिलिलिटर बफर आणि तेवढेच डीपीडी द्रावण घालावे, मग १० मिलिलिटर नमुना ओतून रंग लगेच वाचावा. ऑनलाइन विश्लेषकाच्या (जलवाहिनीवर बसवलेल्या, सतत क्लोरीन मोजणाऱ्या यंत्राच्या) टाकीत मात्र हे द्रावण भरू नये. अनेक यंत्रांना पीएच ४ च्या आसपासचे अ‍ॅसिटेट बफर लागते आणि त्याची कृती यंत्राच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.