सबवूफरच्या बॉक्सला पोर्ट केवढा ठेवायचा

पुण्याच्या तपकीर गल्लीतून 12 इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) आणला, प्लाय कापून झाला, की बहुतेक जण पोर्ट म्हणून, म्हणजे बॉक्समधली हवा आत-बाहेर करायची नळी म्हणून, हाताला येईल तो पाइप बसवून मोकळे होतात आणि मग बेसबरोबर फस्सफस्स हवेचा आवाज येतो. तसं करू नका.

आधी बॉक्सचं आतलं माप काढा, त्यातून ड्रायव्हर (म्हणजे सबवूफर स्वतः), आतल्या पट्ट्या आणि पोर्टच्या पाइपनेच खाल्लेली जागा वजा करा. समजा 50 लिटर उरले आणि ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्ट सगळ्यात जोरात काम करतो तो) 35 हर्ट्झ हवंय, तर आतून 10 सेंमी व्यासाचा पाइप साधारण 31 सेंमी लांब लागतो. साडेसात सेंमीचा घेतला तर 16 मध्ये भागतं, पण व्हॉल्यूम वाढवला की तोच फसफसतो, आणि 15 सेंमीचा घ्याल तर लांबी 75 च्या पुढे जाते, ती बॉक्सात मावणार कुठे? म्हणून 12 इंचीला माझं मत 10 सेंमीलाच, प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप मस्त चालतो. आतलं टोक भिंतीपासून निदान पाइपच्या व्यासाइतकं लांब ठेवा, दोन्ही तोंडांच्या कडा घासून गोल करा.

पाइप आधी दोन-तीन सेंमी जास्तच कापा, चिकटवू नका. मोबाइलवरून 30 ते 40 हर्ट्झचे टोन एकेक करून हळू आवाजात वाजवा आणि कोनकडे (सबवूफरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याकडे) बघत राहा, जिथे कोन जवळपास थांबतो पण पोर्टमधून हवा जोरात येते तेच तुमचं ट्यूनिंग. आकडा कमी आला तर थोडं थोडं कापत जा. अँपला (अँप्लिफायरला) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर कापणारी सोय, असेल तर ट्यूनिंगच्या जरा खाली लावाच, कारण त्याखाली कोनला धरून ठेवणारं काही उरत नाही.