थंडीत कोवळा चारा: रात्रीबरोबर सकाळचं ऊनही सांभाळा

डिसेंबर-जानेवारीत नागपूर जिल्ह्यात किमान तापमान 10 अंशांखाली जातं. 2018च्या डिसेंबरअखेर शहरात 3.5 अंशांची नोंद झाली होती. अशा दिवसांत बरसीम, लसूणघास आणि ओट ही चारापिकं तग धरतात. मका मात्र 10-12 अंशांवरच अडखळतो, पानं फिकट किंवा जांभळट पडतात.

नुकसान फक्त रात्री होत नाही. गारठलेल्या पानावर सकाळी लख्ख ऊन पडलं, की हरितद्रव्य ऊर्जा शोषत राहतं, पण अन्न तयार करणारी विकरं (एन्झाइम) थंडीनं मंदावलेली असतात. न वापरलेली ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जहाल घटक तयार होतात. ते पेशींची आवरणं जाळतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही अँटिऑक्सिडंट विकरं हे घटक निकामी करतात. गारवा हळूहळू वाढला तर रोपाला ही फळी उभारायला वेळ मिळतो. म्हणूनच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेला ओट थंडीची लाट झेलतो, आणि ऐन लाटेत उगवलेलं रोप कोलमडतं.

सुपरऑक्साइड डिसम्युटेजच्या एका प्रकाराला जस्त आणि तांबं लागतं. आपल्या काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता बऱ्याचदा दिसते. माती परीक्षणात ती आढळली तर पेरणीवेळी हेक्टरी 20-25 किलो झिंक सल्फेट द्या. पालाशही (पोटॅश) टाळू नका. ‘अँटिऑक्सिडंट टॉनिक’च्या महागड्या बाटल्यांपेक्षा हा खर्च कधीही सार्थकी लागतो.

पान पिवळं दिसलं की युरियाची मूठ मारायची सवय असते. लाटेत ते करू नका. कोवळी, लुसलुशीत वाढ आधी मार खाते, आणि गारठ्यात ओटमध्ये नायट्रेट साचलं तर जनावरांनाही त्रास होतो. लाटेचा इशारा असेल तर संध्याकाळी विहिरीचं हलकं ओलित करा. ओली जमीन दिवसाची ऊब रात्री सोडते. पाणी साचू देऊ नका, लसूणघासाच्या मुळ्या कुजतात. बरसीमची कापणी लाटेच्या तोंडावर टाळा, आणि कापाल तेव्हा 5-7 सेंटीमीटर बुडखा राखा.

मका अजून पेरला नसेल तर थांबा. थंडी ओसरल्यावर, बी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरलं की उगवण एकसारखी येते. तोवर वैरण हवीच असेल, तर उशिरा का होईना, ओट पेरा. उतारा थोडा कमी येईल, पण वावर रिकामं राहणार नाही.