'झोपेत घडलं' असा बचाव घ्यायचा असेल तर काय काय जमवावं लागतं

"साहेब, तो झोपेत होता" एवढ्यावर कोर्टात काही होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. आपल्याकडे कलम म्हणजे बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) 22, जुन्या आयपीसीचं 84, म्हणजे मन ठिकाणावर नसताना केलेल्या कृत्याचं, सिद्ध करायचं आरोपीने, पण सरकारी पक्षाइतकं कडक नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी पुरतं.

पहिल्यांदा घरच्यांना धरा. लहानपणापासून झोपेत चालायचा का, घरात अजून कुणाला आहे का, आई रात्री कडीला कुलूप लावायची का, असलं सगळं विचारा. जुन्या डॉक्टरची चिठ्ठी मिळाली तर सोनं, अटकेनंतर आणलेल्या सर्टिफिकेटला कोण विचारतो!

कॅनडातला केनेथ पार्क्स बघा, 1987 मध्ये रात्री उठून 23 किमी गाडी चालवत सासरी गेला, सासूचा जीव घेतला आणि मग स्वतःच पोलीस स्टेशनात हजर, स्वतःचे हात खोलवर कापलेले तरी त्याला दुखतंय असं वाटतच नव्हतं. सुटला, कारण घराण्यात झोपेचे आजार, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) विचित्र, सासूशी संबंध चांगले, तिला मारून फायदा शून्य. 1992 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं.

डिसोसिएशनचं, म्हणजे जागेपणीच भान तुटण्याचं, जास्त अवघड. "नंतर काहीच आठवत नाही" हा बचाव नाहीच, कृत्य करताना भान होतं का एवढंच बघतात, त्यामुळे रक्ताचे कपडे धुतले, पळून गेला, असं काही निघालं की बचाव कोसळलाच. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, 22 खाली सुटला तरी थेट घरी येईलच असं नाही, कोर्ट त्याला सुरक्षित ताब्यात ठेवू शकतं.