दात काढल्यावर हाड भरताय? या चुका टाळा

दात काढला की सॉकेट, म्हणजे मागे उरलेला खड्डा, आपोआप भरून येतो. पण जबड्याचं हाड आटतं. पहिल्या सहा महिन्यांत त्याची रुंदी साधारण ३ ते ४ मिमी आणि उंची एक-दीड मिमी कमी होते. ओठाकडची भिंत सगळ्यात आधी झिजते. पुढच्या दातांत ती बहुधा १ मिमीपेक्षाही पातळ असते आणि तिला रक्त पुरवणारे मुळाभोवतीचे तंतू दाताबरोबरच जातात. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, करायचा असेल तर ही झीज कमी करण्यासाठी बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडासारखे बारीक दाणे, खड्ड्यात घालतात. ग्राफ्ट म्हणजे नुसती परांची. हाड घडवतात त्या रक्तातून आणि भोवतालच्या हाडातून येणाऱ्या पेशी. बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात. अक्कलदाढ काढली आणि तिथे काही बसवायचं नसेल, तर सहसा ग्राफ्टची गरजच नसते.

सॉकेट नीट साफ न करता दाणे भरणं ही पहिली चूक. मुळाच्या टोकाशी गाठ असेल तर तिथला लिबलिबीत भाग क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या बारीक चमच्याने, खरवडायचा. टणक हाडाची खरखर हाताला लागेपर्यंत थांबू नये. सलाइनने धुतल्यावर भिंतींतून ताजं रक्त झिरपलं पाहिजे. पू वाहत असेल तर त्या दिवशी ग्राफ्ट नकोच.

दुसरी चूक दाबून भरण्याची, आणि ही फार होते. पाव ते एक मिमीचे दाणे पेशंटच्या रक्तात किंवा सलाइनमध्ये ओल्या वाळूइतके भिजवावेत, जादा पाणी गॉझने टिपावं आणि हाडाच्या काठापर्यंतच हलक्या हाताने भरावेत. ठासून भरले की दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट उरत नाही. मग चार-पाच महिन्यांनी हिरडी उघडली की दाणे चमच्याने सुटून येतात. दाण्यांवर झाकायचा कोलॅजनचा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, चारी बाजूंनी २-३ मिमी हिरडीखाली सरकवून आडवे-तिरपे टाके घालावेत. तोंड पूर्ण मिटवायला हिरडी ओढू नका.

एक्स-रेत पांढरं दिसलं म्हणजे हाड आलं, असं धरून चालू नका. गाईच्या हाडापासून बनवलेले दाणे वर्षानुवर्षं तसेच दिसतात. म्हणून इम्प्लांटला चार ते सहा महिने थांबावं. हे दाणे गाईचे आहेत, मेम्ब्रेनचं कोलॅजन बऱ्याचदा डुकराचं असतं, हे पेशंटला आधी सांगायलाच हवं. नको असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारखे कृत्रिम पर्याय आहेत.

आता स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून हाडासारख्या दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. पेशंटचंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून जी पिवळसर गुठळी मिळते ती पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन). तिच्यात फायब्रिन, प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी असतात. तिला स्टेम सेल उपचार म्हणणं चूक आहे. रक्त गोठणरोधक नसलेल्या नळीत घेऊन एक-दोन मिनिटांत फिरवायला हवं. उशीर झाला की रक्त आधीच गोठतं आणि गुठळी विस्कळीत निघते.

खऱ्या स्टेम सेल दाताच्या गरात असतात. इटलीत २००९ साली त्या कोलॅजन स्पंजवर घेऊन खालच्या अक्कलदाढेच्या सॉकेटमध्ये घातल्या होत्या. हाड आलं, पण तीन वर्षांनी तपासलं तेव्हा ते तिथे असतं तसं जाळीदार नव्हतं, घट्ट होतं. भारतात आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो. दुधाच्या दातांच्या 'बँके'लाही त्यात परवानगी नाही. कोणी यासाठी पैसे मागितले तर देऊ नका.

ऑस्टिओपोरोसिस किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक ॲसिड, ॲलेंड्रोनेट, डेनोसुमॅब घेतलं असेल तर दात काढण्याआधीच सांगा, या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचं हाड मरू शकतं. मिश्री, तंबाखू, सिगारेट बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि मिश्री घासणारं बोट टाकेच उसवतं.

घरी पहिले २४ तास चूळ नको, स्ट्रॉ नको. नंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात धरायचं आणि पाणी आपसूक गळू द्यायचं. दोन-चार पांढरे दाणे जिभेला लागले तर घाबरू नका. पण दाणे मुठीने येऊ लागले, तिसऱ्या दिवसानंतर सूज किंवा ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.