कंबर धरली? घरी जाण्याआधी हे करा

साकीनाक्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायच्या कारखान्यात, मी 22 वर्षं काढली. 2009 च्या पावसाळ्यात रॅकच्या तळातली डाय (प्रेसमध्ये बसवायचा जड लोखंडी साचा) ओढताना कंबरेत चमक भरली. बोट कापलं असतं तर रक्त तरी दिसलं असतं. कोणाला न सांगता मी पाळी पूर्ण केली, बसने घाटकोपर गाठलं आणि कळव्यापर्यंत लोकलमध्ये उभा राहिलो. सकाळी चपलेत पाय घालता येईना. मालीशवाल्याने कंबर तुडवली, दुखणं दुप्पट झालं. 11 दिवस घरी, तेही बिनपगारी. ना नोंद, ना दाखला.

म्हणून सांगतो, कंबर धरली की मशीन बंद करा, सुपरवायझरला सांगा आणि त्याच पाळीत ॲक्सिडेंट बुकात नोंद करा. नुसतं 'कंबर दुखते' लिहू नका. 'तळाच्या खणातून 40 किलोची डाय काढताना कळ आली' असं लिहा. तारीख, वेळ, शेजारी कोण होतं तेही. पानाचा फोटो काढा. बुक मिळालं नाही तर हाच मजकूर सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा. ठेकेदाराच्या पोरांनो, तुम्ही तर नक्कीच करा. तुमची दुखापत सगळ्यात लवकर विसरली जाते.

पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर (पगाराची मर्यादा 21,000) कामावरच्या दुखापतीच्या रजेत मजुरीच्या 90 टक्के मिळतात, नोकरीचा पहिला आठवडा असला तरी. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. 'कामावर झालं' हे त्यांना आपणहून सांगा आणि केसपेपरवर तसं लिहिलंय का ते बघा.

घरी दिवसभर पडून राहू नका, झेपेल तसं थोडं थोडं चाला. पण जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री केईएम नाहीतर सायन हॉस्पिटल गाठा.

कंबरपट्ट्याच्या भरवशावर वजन उचलू नका. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या हिशोबात, वजन अंगाजवळ, उंची सोयीची, वळावं लागत नाही, असं सगळं जमून आलं तरी मर्यादा 23 किलोची आहे. तळातून वाकून 40 किलो ओढणं कुठल्या हिशोबात बसतं? चेन पुली (वजन उचलायची साखळीची कप्पी) मागा, नाहीतर दुसरा माणूस मागा.

आमच्याकडे पुढे जड डाय कंबरेच्या उंचीच्या खणात आल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने वजन लिहिलं, ते मी स्वतः लिहिलं.